सरावपाठातलं मूल आणि वर्गातलं मूल

श्रोतेहो, नमस्कार.

प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या डी.एड. या पदविकेचं नाव बदलून डी.एल.एड. झालं, त्याला बरीच वर्षं झाली. कोल्हापुरात अजून सगळे डी.एड.च म्हणतात, मीही तेच म्हणतो. तर या डी.एड.च्या मुलामुलींना सरावपाठ घ्यावे लागतात. आदल्या रात्री जागून पाठटाचण, म्हणजे पाठाचा आराखडा, लिहायचं, तक्ते रंगवायचे, शब्दपट्ट्या कापायच्या. दुसऱ्या दिवशी निरीक्षक मागच्या बाकावर वही उघडून बसतात आणि घंटा व्हायच्या आत पाठ उरकायचा असतो. वहीत शेरे पडतात: आवाज स्पष्ट, फलकलेखन सुवाच्य, वेळेचं नियोजन ठीक. सगळे शेरे शिकवणाऱ्याबद्दल. त्या तासाला कोणती मुलं एकदाही बोलली नाहीत, हे त्या वहीत शोधूनही सापडत नाही.

पाठटाचणात 'विद्यार्थी' म्हणून जे मूल असतं, त्याच्या घरी मराठी बोलतात. त्याला नीट दिसतं, नीट ऐकू येतं. ते जूनपासून रोज शाळेत असतं आणि सुट्टीत मामाच्या गावाला जातं. अशी मुलं आपल्या शाळांत आहेतच. पण त्यांच्या शेजारी कोण बसलंय? इचलकरंजीच्या शाळेत यंत्रमागावर राबायला उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेल्या कामगारांची मुलं आहेत. गडहिंग्लजकडच्या सीमेलगतच्या गावात घरी कन्नड बोलणारं मूल आहे, चंदगडला त्याहून निराळीच बोली. शाहूवाडी, राधानगरीच्या धनगरवाड्यांवर एकाच गुरुजींपुढे दोन-तीन इयत्ता एकत्र बसलेल्या असतात. आणि गळीत हंगाम सुरू झाला की शिरोळ, कागलच्या शाळांत बीडची मुलं येतात.

या ऊसतोड कामगारांच्या मुलांबद्दल जरा सविस्तर बोलतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. आई-बाप फडात, लहान भावंड थोरलीच्या काखेत. ही थोरली चौथीच्या वर्गात येऊन बसते तेव्हा सहामाही परीक्षा होऊन गेलेली असते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. तो सांगतो की मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्या आणि मागं राहिलेलं भरून काढायला वेगळं प्रशिक्षण द्या. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्डही आहे. पण कार्डावरून कळते ती इयत्ता. त्या मुलीला काय येतं, हे गुरुजींनाच शोधावं लागतं. मोळ्या मोजायला ती कुणाला हार जाणार नाही, बाजारातला हिशेबही तोंडी करेल, वजाबाकी कागदावर मांडायला मात्र अडेल. ते शोधायचं कसं, हे डी.एड.ला कुणी करून दाखवत नाही. उलट नवखे गुरुजी फळ्यावर निबंधाचं नाव लिहितात: 'माझी दिवाळीची सुट्टी'. तिची दिवाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेलेली असते. तिनं लिहायचं काय?

आता गणिताचं बघा. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, वीस नंतर. लिहिताना मात्र 2 आधी, 5 नंतर. कन्नडमध्ये इप्पत्तैदु म्हणजे आधी वीस, मग पाच. तेलुगूतही तसंच, आणि आपल्याकडच्या वडार वस्तीतल्या घरांत तेलुगूच्या जवळची बोली चालते. तिथलं मूल 'पंचवीस' ऐकून 52 लिहितं, तेव्हा ते डोकं लावून ऐकलेल्या क्रमानं लिहीत असतं. ज्या गुरुजींना हे माहीत आहे, ते दशकाच्या जुड्या आणि सुट्या काड्या पुढं ठेवतील. ज्यांना माहीत नाही, ते 'कच्चा आहे' असा शेरा मारतील. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत जुन्या पद्धतीच्या जोडीला आली, तेव्हा केवढी चेष्टा झाली! त्या चेष्टेत परक्या भाषेतून गणित शिकणाऱ्या मुलाचा विचार फार थोड्यांनी केला.

फलकलेखनाचंही एक सांगतो. लिहिता लिहिता बोलत राहायचं, अशी सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागते, कारण गप्प राहिलं तर निरीक्षकांना वाटतं पाठ थांबला. वर्गात कमी ऐकू येणारं मूल असेल, तर ते तुमच्या ओठांकडे बघून निम्मं समजून घेत असतं. तुम्ही पाठ फिरवून बोललात की त्याचा तेवढा धडा गेला. आधी लिहा, मग वळा, मग बोला. याला पैसा लागत नाही की यंत्र लागत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. आमची पोरं ते परीक्षेसाठी घडाघडा पाठ करतात, पण वळून बोलायचं राहून जातं.

आणखी एक गंमत. राधानगरीकडचा पोरगा मैदानात मित्राला 'काय करालाईस?' म्हणतो आणि पाठाला उभा राहिला की पुस्तकी मराठीत शिरतो. स्वतःची बोली त्यानं वर्गाबाहेर काढून ठेवलेली असते, कारण ती अशुद्ध आहे असं त्यालाही लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं. मग बीडच्या मुलीच्या बोलण्याला वर्ग हसला, तर हा वर्गाला थांबवेल कशाच्या जोरावर? 'सर्वसमावेशक शिक्षण' ही प्रश्नपत्रिका ऐंशी गुणांनी पास होऊनही ही गाठ सुटत नाही. ती सोडवायची तर छात्राध्यापकांना, म्हणजे या डी.एड.च्या मुलामुलींना, एकमेकांच्या बोलीत एकदा तरी पाठ घ्यायला लावा. हसतील, लाजतील, पण करून बघू द्या.

सगळ्या मुलांना वर्गात सामावून घ्यायचा हा विचार काही आकाशातून पडलेला नाही. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सरकारी शाळांत सर्वांच्या बरोबरीनं बसवायचा हुकूम काढला. लीलाताई पाटील शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी 1985 साली याच शहरात सृजन आनंद विद्यालय ही प्राथमिक शाळा काढली. शिक्षकांना शिकवणारा माणूस लहान मुलांच्या वर्गात उतरला, हे मला फार मोठं वाटतं. प्रशिक्षण देणाऱ्या किती जणांनी गेल्या दहा वर्षांत पहिलीचा वर्ग महिनाभर सांभाळलाय, असं विचारलं तर बरेच जण माझ्यासकट घड्याळाकडे बघतील.

सरावशाळा निवडताना आपण सोय बघतो. कॉलेजपासून जवळ, बसची सोय, शिस्तीचा वर्ग. माझं म्हणणं एवढंच की छात्राध्यापकाचे निदान काही आठवडे ऐन हंगामात, कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत जावेत. पहिल्या आठवड्यात त्यानं पाठ घेऊच नये. एका मुलाशेजारी बसावं, त्याच्या घरी, खोपीवर जाऊन यावं, आणि टाचण त्यानंतर लिहावं. निरीक्षकांच्या वहीत एक रकाना वाढवावा: आज कोण बोललं नाही, आणि का. यात सरसकट सगळं साधेल असं नाही. चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या बाईंनी किती पुरं पडायचं, ही तक्रार खरीच आहे. कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, तो हिशेब शासनानं पाळायचा आहे.

ऐकणाऱ्यांत डी.एड.ची मुलंमुली असतील. दिवाळीनंतर तुम्हाला शाळा वाटून मिळतील. मुख्याध्यापकांकडे जाल तेव्हा पहिला प्रश्न 'कोणता घटक घेऊ?' हा नको. हजेरीपट मागून घ्या आणि विचारा, यातलं कोण हंगामापुरतं आलंय, कुणाच्या घरी दुसरी भाषा आहे, कुणाला पुढं बसवावं लागतं. मुख्याध्यापकांना सांगता आलं नाही, तर वर्गातल्या मुलांना विचारा. त्यांना सगळं माहीत असतं.

नमस्कार.