एका जागेमागे तीन मुलं

(संगणकाचा पडदा. फिकट नकाशावर एकेक ठिपका उमटतो.)

हा प्रत्येक ठिपका म्हणजे परवाना असलेलं एक पाळणाघर. शेजारचा आकडा, तिथल्या जागांचा.

(ठिपक्यांखाली वस्त्या उजळतात.)

आणि ही पाच वर्षांखालची मुलं. मुलांना जागांनी भागायचं, बस. एका जागेमागे तीनांहून जास्त मुलं आली की तो भाग लाल. अमेरिकेत सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस या संस्थेनं २०१८ साली साधारण याच मापानं देश तपासला. ५१ टक्के लोक लाल भागात राहत होते.

(नकाशा जवळ येतो. मग रस्ता, कडेवर मूल घेतलेली बाई पलीकडे जाते.)

ही रेघ बघा. अलीकडे लाल, पलीकडे हिरवं, मधे एक रस्ता. तो तर कुणीही ओलांडतं! उलट मधे नदी असली आणि पूल लांब असला, तर समोर दिसणारं पाळणाघरही दूरच.

म्हणून हद्दी पुसल्या, वेळ धरली. ऑस्ट्रेलियात मिचेल इन्स्टिट्यूटनं २०२२ मध्ये गाडीनं २० मिनिटांचा टापू घेतला. डॉक्टरांची टंचाई मोजायला निघालेली एक रीत इथंही चालते. आधी एकेका पाळणाघराशी उभं राहून पाहायचं, इथवर किती मुलं पोचू शकतात. त्यांच्यात तिथल्या जागा वाटायच्या. मग एकेका घराच्या दारातून बघायचं, आवाक्यातल्या सगळ्या पाळणाघरांमधून आपल्या वाट्याला काय येतं. किचकट आहे, पण नकाशा जरा खरं बोलायला लागतो.

(खोली. भिंतीशी गुंडाळलेल्या गाद्यांची चळत.)

जरा म्हणजे जराच. परवाना ४० मुलांचा असेल, पण सांभाळणाऱ्या ताईच कमी असतील तर गाद्या अशा गुंडाळून राहतात. नकाशात मात्र ४०च.

(एक ताई, मांडीवर तान्हं, दुसरं पाळण्यात.)

तान्ह्यांचं गणित आणखी वेगळं. मोठी आठ-दहा मुलं एकटी सांभाळणारी ताई तान्ही तीन-चारच घेऊ शकते. खर्च वाढतो, म्हणून अनेक पाळणाघरं तान्ही घेतच नाहीत. तरी बहुतेक नकाशे सगळ्या वयांच्या जागा एकत्रच मोजतात.

(प्रतीक्षायादीची वही. पानं उलटतात.)

जागा मिळाली नाही की कुणी आजीला बोलावून घेतं, कुणी नोकरी सोडतं.

(पुन्हा नकाशा.)

आता याच नकाशावर दोन वर्षांखालच्या जागा तेवढ्या ठेवू.

(हिरवे भाग एकेक करून लाल होत जातात. निवेदन नाही.)