ताबा एकाकडे, मग पालक कोण?

फॅमिली कोर्टात मुलांना भेटायची वेगळी खोली असते. बाबा खाली बसून ब्लॉक्स लावतायत, आई दप्तर घेऊन बाहेर उभी, आणि पोरगं सारखं दाराकडे बघतंय, कारण त्याला दोघंही हवेत आणि कोणालाच नाराज करायचं नाहीये.

वेगळं होताना बऱ्याच जणांना वाटतं की कस्टडी मिळाली म्हणजे सगळं मिळालं आणि गेली म्हणजे आपण संपलो. तसं नाहीये. ताबा म्हणजे मूल रोज कोणाकडे राहणार, तापात रात्री कोण जागणार. पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने निर्णय कोण घेणार, सही कोणाची चालणार, त्याच्या नावावरच्या पैशाचं कोण बघणार. या दोन गोष्टी दोघांकडे वाटलेल्या असू शकतात.

आता १९५६ चा हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व कायदा बघा, बौद्ध, जैन, शीख घरांनाही तोच लागू होतो. त्यात नैसर्गिक पालक आधी वडील, त्यांच्यानंतर आई, पण पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा मात्र सर्वसाधारणपणे आईकडे. म्हणजे सगळं करायचं आईने आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, हे मला तरी कधीच पटलेलं नाही. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायला अर्ज केला तेव्हा वडिलांची सही मागितली गेली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९९ मध्ये कोर्टाने सांगितलं की वडील हयात असले तरी मुलाचं काही बघतच नसतील तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते.

बाकी धर्मांच्या घरांत ज्याचा त्याचा पर्सनल लॉ, म्हणजे आपापल्या धर्माचा कौटुंबिक कायदा असतो, पण पालक नेमायचा १८९० चा कायदा सगळ्यांनाच वापरता येतो, आणि अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात करायचा. जज बघतात ते मुलाचं हित, आईचा हक्क किंवा बापाचा हक्क नंतर. नुसता पगार जास्त आहे म्हणून मूल मिळत नाही. मूल समजतं झालं असेल तर त्यालाही विचारलं जातं, आणि तेव्हा पढवलेली उत्तरं लगेच कळतात, प्लीज हे करू नका.

अजून एक, पोटगी थकली म्हणून भेट बंद करायची किंवा भेटू देत नाहीत म्हणून पैसे थांबवायचे, हे दोन्ही चूक. दोन्हीसाठी कोर्टात वेगवेगळा अर्ज करता येतो, मुलाला मधे धरायची गरज नाही.

संमतीने वेगळे होत असाल तर सुट्ट्या कशा वाटायच्या, व्हिडिओ कॉल किती वाजता, शाळेचे मेसेज दोघांना जाणार का, ऑपरेशनची वेळ आली तर कोणाला विचारायचं, सगळं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या दोघांच्या लेखी समझोत्यात, लिहून घ्या. आणि आज झालेली ऑर्डर काही दगडावरची रेघ नाही, मूल मोठं होतं, बदली होते, परिस्थिती पालटते, तेव्हा ती बदलून मागता येते.