माडाची उंची कुठून मोजायची?

मागच्या रांगेपर्यंत येतोय ना आवाज? बरं. भूमितीत पोरं नेमकी कुठं चुकतात आणि आपण मास्तरांनी ते कसं ओळखायचं, एवढंच आज बोलणार आहे. फळ्यावर हा चौरस काढला, आणि हा तोच चौरस पण टोकावर उभा. पाचवीच्या पोरांना दुसरा दाखवा, बरीच पोरं म्हणणार पतंग, नाहीतर पत्त्यातली चौकट. आता चौरस हा पतंग असतोच म्हणा, व्याख्येनं बघितलं तर (लगतच्या समान बाजूंच्या दोन जोड्या), पण पोरगं त्या कारणानं बोलत नाहीये, त्याच्या डोक्यात चौरस म्हणजे बुडावर बसलेला, कारण आपण कायम तसाच काढत आलोय.

नेदरलँड्समधलं एक शिक्षक जोडपं, पिएर व्हॅन हिले आणि डिना, त्यांनी 1957 साली उत्रेख्तला आपापल्या पीएचडीत हेच मांडलं, की मूल आधी आकार नुसता चेहऱ्यानं ओळखतं, मग त्याचे गुणधर्म बघायला लागतं, मग त्या गुणधर्मांचा एकमेकांशी संबंध लावतं (चौरस हा आयत कसा, ते इथं पटतं) आणि सिद्धता त्याच्याही नंतर. आपण नववीत पक्ष-साध्य-सिद्धता लिहायला लावतो, पोरगं अजून चेहऱ्यावरच अडकलेलं, मग ते पाठ नाही करणार तर काय करणार?

आता चूक पकडायची कशी. मी कित्येक वर्षं पेपरवर 'निष्काळजीपणा' असं लिहायचो. एक मुलगी होती, 60 चा कोन 120 मोजायची, 40 चा 140. अहो, निष्काळजी माणूस एवढा नेमानं चुकत नाही! शेवटी तिला जवळ बसवलं, म्हटलं मोठ्यानं बोलत मोज, तेव्हा कळलं की भुजा कुठल्याही बाजूला असू दे, ती आपली कोनमापकावरच्या आकड्यांच्या दोन ओळींतले बाहेरचेच आकडे वाचते. काटकोनापेक्षा लहान दिसतो का मोठा? लहान. मग 120 कसा गं? "पण सर, कोनमापकावर तसं लिहिलंय ना."

बरोबर उत्तर तर त्याहून फसवं. 4 सेमी बाजूचा चौरस, क्षेत्रफळ 16, परिमिती पण 16. 6 बाय 3 चा आयत, दोन्ही 18. पूर्ण संख्यांमध्ये असे हे दोनच आयत आहेत, आणि आकडे सोपे म्हणून आपण नेमके हेच पेपरात टाकतो! पोरानं परिमिती काढून क्षेत्रफळ म्हणून लिहिली, एकक नीट टाकलं की मार्क पूर्ण, आपल्याला पत्ताच नाही. त्यापेक्षा 24 सेमीचा दोरा द्या, गाठ मारा, आधी 6 बाय 6 करा, मग 10 बाय 2, आणि विचारा, आतली जागा तेवढीच राहिली का? "दोरा तोच आहे ना सर" म्हणणारे हात वर येतात, त्यात हुशार म्हणवणारे पण असतात. मग आत 1 सेमीच्या चौकटी आखून मोजायला लावा, 36 आणि 20, आणि जरा वेळ तुम्ही गप्प बसा. हे गप्प बसणं आम्हा मास्तर लोकांना फार जड जातं.

शिरोलंबाचं, म्हणजे त्रिकोणाच्या टोकातून समोरच्या बाजूवर टाकलेल्या लंबाचं, सांगतो आणि थांबतो. लघुकोन त्रिकोणात सगळ्यांना येतो, म्हणून तो विचारून काही कळत नाही, विशालकोन द्या. एका मुलानं वही फिरवून पाया खाली आणला, हे छानच केलं त्यानं, आणि म्हणाला सर ह्याला उंचीच नाही, लंब बाहेर पडतोय. म्हटलं पाया पुढे वाढव. तर म्हणे, "पण वाढवलेला भाग त्रिकोणाचा नाही ना." वाद घालण्यासारखाच मुद्दा होता! मी विचारलं, तुमच्या वाडीतला वाकलेला माड आहे, त्याची उंची कुठून मोजशील, बुंध्यापासून? थोडा वेळ वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नाही, नारळ पडतो तिथून."