मळलेल्या कडा

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज.)

पुस्तक उघडू नका. मिटलेलंच हातात धरा आणि कडेनं बघा.

ही युक्ती आम्हाला इथल्या ग्रंथपाल काकांनी शिकवली. पानांच्या कडा बोटांनी मळतात. माणसं वाचत गेली तिथपर्यंत कड तपकिरी, त्यापुढे कोरी. काकांच्या हातातली ही जाडजूड कादंबरी गेली बत्तीस वर्षं या कपाटात आहे. आतल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के भरपूर. पण पस्तीस-चाळीस पानांनंतर, रेघ मारल्यासारखा, कडेचा रंग बदलतो.

"नेणारे पुष्कळ," काका म्हणतात, "पोचणारे थोडे. आणि परत देताना खोटं बोलतात हो. छान होतं म्हणतात. मी कड बघतो आणि मुकाट्यानं शिक्का मारतो."

खोटं का बोलावं लागतं, ते काकांच्या डोक्यामागच्या भिंतीवर रंगवलंय. 'वाचाल तर वाचाल.' श्लेष फक्कड आहे, त्यात वाद नाही. पण नीट ऐकलं तर ती धमकी आहे. नाही वाचलंत तर काही खरं नाही तुमचं. भेळेच्या गाडीवर अशी पाटी कुणी लावत नाही. जिथे खरोखर मजा असते तिथे धाक घालावा लागत नाही, माणसं आपसूक जमतात. मग शाळा शिकलेल्या, पेपर वाचणाऱ्या, अर्ज बिनचूक भरणाऱ्या इतक्या माणसांना पुस्तकात मजा का येत नाही?

काकांनी आम्हाला त्यांच्या वर्गमित्राकडे धाडलं. "महिन्याच्या महिन्याला वर्गणी भरतो. पुस्तक एकदाही नेलेलं नाही. विचारा त्याला."

(दृश्य: गॅरेज. उघडं इंजिन, ऑइलनं काळे झालेले हात.)

हे दादा गाडी रस्त्यावरून येतानाच, आवाजावरून, तिचं दुखणं सांगतात. पाट्या वाचतात, बिलं वाचतात, स्पेअर पार्टचे नंबर तर तोंडपाठ. पुस्तकाचं विचारल्यावर मात्र पाना खाली ठेवतात.

"ताई, एक ओळ वाचली की आधीची पुसून जाते. परत मागं जायचं. मग पुढची जाते. पान संपतं तवा डोकं दुखतं आणि गोष्ट काय होती ते ठाऊक नसतं. ह्यात मज्जा कुठनं काढायची?"

दादा जे सांगतायत ते समजून घ्यायला समोरच्या माणसाचे डोळे बघावे लागतात. लोकलमध्ये कुणी पेपर वाचत असेल तर चोरून बघा. डोळे ओळीवरून घरंगळत जात नाहीत, उड्या मारतात. पॅरिसच्या लुई एमिल जाव्हाल या नेत्रवैद्याच्या प्रयोगशाळेत १८७०च्या दशकाच्या अखेरीस हे नीट टिपलं गेलं. एक उडी, मग सुमारे पाव सेकंद मुक्काम, पुन्हा उडी. दिसतं ते फक्त मुक्कामात. आणि स्पष्ट दिसणारा भाग किती? हात लांब करून अंगठा धरा, साधारण त्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. बाकी पान धूसरच असतं. सराईत वाचक मधूनमधून एखादी उडी मागेही मारतो, पण त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. दादांच्या मागे मारलेल्या उड्या त्यांना मोजता येतात.

त्यात आपली लिपी. आपण अभिमानानं म्हणतो, जसं बोलतो तसं लिहितो.

(पडद्यावर अक्षर: कि)

इथे आधी वेलांटी दिसते, मग क. बोलताना आधी क, मग इ. म्हणजे पहिलीतल्या पोराला डावीकडून उजवीकडे जाता जाता एक गिरकी घ्यावी लागते.

(पडद्यावर: रस, क्रम, राष्ट्र, अर्क, सुऱ्या)

या पाचही शब्दांत र आहे. प्रत्येकात वेगळ्या वेशात. आणि हे दोन शब्द बघा.

(पडद्यावर: आचार्यांना, आचाऱ्यांना)

पहिल्याला दक्षिणा द्यायची, दुसऱ्याला स्वयंपाकाचे पैसे. फरक एका रफाराचा. त्याहून गंमत 'जग' या शब्दाची. जग म्हणजे दुनिया, आणि जग म्हणजे 'शंभर वर्षं जग' मधला जग. उच्चार वेगळे, अक्षरं तीच. कुठला जग ते आजूबाजूचे शब्द वाचल्यावर ठरतं. देवनागरी इंग्रजी स्पेलिंगपेक्षा पुष्कळ सरळ आहे हे मान्यच. पण सोपी कुणाला? ज्याच्या डोळ्याला तिची ओळख इतकी मुरलीय की आता अक्षर दिसतच नाही, थेट अर्थच दिसतो, त्याला.

अक्षर दिसेनासं झालं की मजा सुरू होते. सायकलचं पॅडल आठवत असताना कुणी रस्त्याकडेची शेतं बघत नाही, तसंच हे.

आणि ही ओळख निसर्गानं दिलेली नाही. बोलणं माणसाच्या हाडीमाशी मुरलेलं आहे, बाळाला ते शिकवायला गुरुजी लागत नाहीत. लिहिणं जेमतेम पाच हजार वर्षांचं. मेंदूत वाचनासाठी म्हणून कुठलाही भाग जन्मतः तयार नसतो. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या यंत्रणेतला एक तुकडा, बहुतेकांचा डाव्या बाजूचा, सरावानं अक्षरांच्या कामाला जुंपावा लागतो. काहींच्या बाबतीत ही जुंपणी अवघड जाते. त्यात अकलेचा संबंध नसतो.

(दृश्य: जुन्या इंग्लंडमधली शाळा, रेखाचित्र.)

१८९६ साली इंग्लंडमधल्या सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरनं पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा तरतरीत, गणितात चांगला. वाचता मात्र येईना. स्वतःचं नाव लिहिताना त्यानं 'प्रेसी' लिहिलं आणि चूक त्याच्या लक्षातही आली नाही. पुन्हा र आडवा आला, योगायोग म्हणा. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. 'डिस्लेक्सिया' हा शब्द त्याआधी नऊ वर्षं जर्मनीत रुडॉल्फ बर्लिन या नेत्रवैद्यानं वापरला होता, पण तो मेंदूला इजा झालेल्या मोठ्या माणसांबद्दल. पर्सी जन्मतःच तसा होता.

आपल्या कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेला दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानं जागा दिली ती २०१६ साली. दादांची शाळा त्याच्या कितीतरी आधी सुटली. त्यांची कधी तपासणी झालेली नाही, त्यामुळे त्यांना काय आहे हे आम्ही सांगणार नाही. मास्तर त्यांना काय म्हणायचे ते त्यांनी स्वतःच सांगितलं. "ठोंब्या."

(दृश्य: शाळेचा वर्ग. एक मुलगी उभी राहून धडा वाचते आहे.)

शाळेनं आणखी एक केलं. वाचनाला प्रश्नोत्तरं चिकटवली. उभं राहून मोठ्यानं वाच, चुकलास की हशा. कविता वाचली की रिकाम्या जागा भरा. आता तर वाचलेल्या पुस्तकांचे तक्ते, गुण, प्रमाणपत्रं. १९७३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना सांगितलं, चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांनी काढली. पण पुढे आपल्या मनानं खेळायची वेळ आली तेव्हा ही मुलं रंगाच्या पेनांकडे इतरांच्या जवळपास निम्माच वेळ फिरकली. आवडीचं रूपांतर कामात झालं. बक्षिसाच्या वाचनस्पर्धा भरवणाऱ्यांनी हे एकदा मनावर घ्यावं.

आणि अजून पायरीच न चढलेले कितीतरी आहेत. २०२२च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी फक्त ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. करोनाची दोन वर्षं त्याला कारण आहेत, पण २०१८ सालीही हा आकडा पन्नाशीच्याच घरात होता. या मुलांना वाचनाचा आनंद घ्या म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीचं पाणी किती गार आहे ते सांगणं.

(दृश्य: पुस्तकाचं पान, बोट एका शब्दावर थांबतं.)

अक्षरं झरझर वाचता आली तरी काम संपत नाही. विदर्भातल्या एका गोष्टीत पहिल्याच परिच्छेदात माणूस पहाटे बंडी जुंपतो, धुऱ्यावरून निघतो, डवरणीचं बघतो. पुण्याच्या वाचकाच्या डोळ्यासमोर बंडी म्हणजे अंगात घालायची. ती जुंपतात कशी? विदर्भात बंडी म्हणजे बैलगाडी. उलट कोकणातल्या गोष्टीतलं आगर, पडवी, मांगर यवतमाळच्या वाचकाला अडवतात. एकेक शब्द म्हणजे एकेक ठेच. चार ठेचांनंतर माणूस उठतो आणि म्हणतो, मला वाचनाची आवड नाही.

अमेरिकेत १९८८ साली बेसबॉलवरचा उतारा चौसष्ट शाळकरी मुलांना वाचायला दिला होता. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे कळायला एवढं पुरे: दादा गाडीचं मॅन्युअल वाचू शकतात, अडखळत का होईना. "त्यातलं निम्मं आधीच म्हायती असतंय ना."

काही अडचणी अगदीच साध्या. चष्म्यालाच आपण चाळिशी म्हणतो, इतकं ते ठरलेलं. डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं दिसत नाही, आणि माणूस समजतो की वाचनातला रस गेला. रस नाही, नंबर गेलेला असतो. आणखी काहींना मनात चित्रच उमटत नाही. 'समोर निळा डोंगर' वाचलं तर डोंगर दिसत नाही, नुसतं कळतं. ब्रिटिश मेंदूवैद्य ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली याला अफँटेशिया असं नाव दिलं. असे लोकही आवडीनं वाचतात, पण निसर्गवर्णनाची पानं बहुधा भराभर उलटतात.

मोबाइलबद्दल इतकं बोललं गेलंय की आम्ही बोलत नाही. ही कड मोबाइल येण्याआधीपासून पांढरी आहे.

(दृश्य: स्वयंपाकघर. फडताळात अंथरलेला जुना पेपर.)

या ताईंना वाचता उत्तम येतं. फडताळ आवरायला घेतलं की अंथरलेला पेपर उभ्याउभ्या वाचून काढतात, अर्धी बातमी डब्याखाली असली तरी. मग पुस्तक?

"पुस्तक घेऊन बसले की घरातल्यांना मी मोकळी दिसते. टीव्ही बघता बघता भाजी निवडता येते हो. पुस्तक वाचता वाचता काय निवडणार?"

हे दुखणं जुनं आहे. १८७३ साली लग्न होऊन आलेल्या रमाबाईंना न्यायमूर्ती रानडे शिकवू लागले, तेव्हा त्यांना टोचून बोलणाऱ्या घरातल्याच बायका होत्या. त्या काळी शिकण्यालाच आक्षेप होता. आता शिकण्याला नाही, बसण्याला आहे. कामाचं वाचा, पोरांचा अभ्यास घ्या, चालतं. पण काहीही उपयोग नसलेलं, निव्वळ आपल्यासाठी, दुपारच्या दोन वाजता? ताई हसतात. उत्तर देत नाहीत, गॅस बारीक करतात.

(दृश्य: देवळाचा सभामंडप. एक जण पोथी वाचतो आहे, बाया-माणसं ऐकत आहेत.)

एकट्यानं, मनात, गप्प बसून वाचणं ही आपल्या घरांतली तशी नवीच रीत. आधी पोथी लावायची पद्धत. वाचणारा एक, ऐकणारे पन्नास. त्यातल्या कितीजणांना अक्षरओळख होती कोण जाणे, पण अध्याय सुटला तर चुटपुट लागायची. ऐकणाऱ्याला कुणी आळशी म्हटलं नाही. उलट श्रवणाचं पुण्य वेगळं.

आम्ही दादांना मोबाइलवर एक रहस्यकथा लावून दिली होती, ऐकायची. दहा तासांची. चार दिवसांनी त्यांची उरलेली मुलाखत घ्यायला पुन्हा गॅरेजवर गेलो.

(दृश्य: गॅरेज. गाडीखालून फक्त पाय दिसतात. स्पीकरवर निवेदकाचा आवाज. मदतनीस पोरगा पाना हातात धरून स्तब्ध उभा.)

आम्ही हाक मारली. गाडीखालून एक काळा हात बाहेर आला आणि थांबा म्हणाला.

"ताई, चहा सांगा आणि गप बसा. बायकोनं नाय मारलं त्याला, हे आत्ता कळतंय."