तीन हजार डॉलरचा पहिलवान

मंडळी, नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'स्नायू-मोटारी आणि आधुनिक मोटारी' असा छापलाय. मूळ शब्द 'मसल कार', कुणीतरी मराठीच्या प्रेमापोटी केलंय, माझी तक्रार नाही. पण मघाशी बाहेर चहा घेताना एका गृहस्थांनी विचारलं, "डॉक्टर, गुडघेदुखीवरही बोलणार ना?" तेव्हा आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. पिंपरीत नोकरीला लागलो आणि पुढची बावीस वर्षं अमेरिकेत, मोटारींचं गाव म्हणवणाऱ्या डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांचे ब्रेक तपासण्यात घालवली. ब्रेकचा माणूस वेगाबद्दल बोलायला उभा राहिला की थोडा कुरकुरणारच, एवढं धरून चाला.

मसल कार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रुंद, दणकट, गुरगुरणारी अमेरिकन गाडी येते. दिसायला ती तशी आहेच. पण मसल कार ही दिसण्यावरून ठरत नाही. आपल्याकडे कॉन्टेसाला हौसेनं 'भारताची मसल कार' म्हणतात. लांबलचक बोनेट, रुबाबदार तोंड, सगळं होतं. आणि १९८४ साली ती बाजारात आली तेव्हा त्या बोनेटखाली काय होतं? अँबॅसडरचं दीड लिटरचं इंजिन, पन्नासेक हॉर्सपॉवरचं! म्हणजे अंगरखा पहिलवानाचा आणि आत आमच्यासारखा कारकून. खरी मसल कार याच्या बरोब्बर उलट असते. वरून साधी, मधल्या आकाराची, घरगुती, दोन दारांची गाडी आणि आत कंपनीकडे असलेलं सगळ्यात मोठं इंजिन.

हा प्रकार सुरू कसा झाला ते ऐकण्यासारखं आहे. १९६३ च्या सुमारास जनरल मोटर्समध्ये वरून फर्मान निघालं की कंपनी शर्यतींच्या भानगडीत पडणार नाही. शिवाय मधल्या आकाराच्या गाड्यांत ३३० घन इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५.४ लिटरपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा नियम होता. पॉन्टियॅक विभागात जॉन डिलोरियन मुख्य अभियंता होते. त्यांच्या चमूच्या लक्षात आलं की आपल्या टेम्पेस्ट गाडीतलं ३२६ घन इंचांचं इंजिन आणि मोठ्या गाड्यांतलं ३८९ चं इंजिन बाहेरून सारख्याच मापाचं आहे. माउंटिंग तीच. छोटं उचलायचं, मोठं ठेवायचं. राहता राहिला नियम. तर नियम नव्या मॉडेलला लागू होता, जादा साहित्याच्या यादीला नव्हता! मग त्यांनी नवं मॉडेल काढलंच नाही. १९६४ च्या टेम्पेस्टवर सुमारे तीनशे डॉलर जादा भरून घ्यायचं एक 'पॅकेज' काढलं आणि त्याला फेरारीच्या एका गाडीचं नाव बिनदिक्कत उचलून दिलं, जीटीओ. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी खपल्या ३२,४५०.

आपले सरकारी कार्यालयांतले लोक हे ऐकून गालात हसताहेत, मला दिसतंय. पळवाट काय असते हे त्यांना वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी एका नामांकित मासिकात या जीटीओची फेरारीशी तुलना आली आणि आकडे असे की लोक थक्क झाले. पुढे कित्येक वर्षांनी पॉन्टियॅकच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या जिम वँगर्स यांनी कबूल केलं की मासिकाला दिलेल्या गाडीत ३८९ नव्हतंच, गुपचूप ४२१ घन इंचांचं इंजिन बसवलेलं होतं. या गाड्यांच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे त्यावरून ओळखा.

हॉर्सपॉवरचंच घ्या. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या जी हॉर्सपॉवर छापायच्या ती 'ग्रॉस'. इंजिन स्टँडवर चढवायचं, एअर फिल्टर काढायचा, पंखा काढायचा, गाडीतला सायलेन्सर नाही, आल्टरनेटरचा भार नाही, आणि मग मोजायचं. म्हणजे नवरदेवाची उंची फेट्यासकट, तुऱ्यासकट मोजण्यासारखं. नंतर सगळं जोडून मोजायची पद्धत आली, ती 'नेट'. क्रायस्लरचं ते प्रख्यात ४२६ घन इंचांचं 'हेमी' इंजिन कागदावर ४२५ हॉर्सपॉवरचं होतं, १९७१ मध्ये तेच नेट हिशोबानं ३५० भरलं. ३५० सुद्धा कमी नाहीत म्हणा. पण आत्ताआत्तापर्यंत मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या काकू जी सहा सिलेंडरची, व्ही-६ टोयोटा कॅमरी चालवायच्या, तिची ३०१ होती. नेट.

मग लोक वेडे झाले ते कशावर? माझं उत्तर जरा वेगळं आहे. मिशिगनमधल्या माझ्या एका मित्राकडे १९६८ ची रोडरनर आहे, क्रायस्लरच्याच प्लिमथ विभागाची. या गाडीची गंमत अशी की क्रायस्लरनं तिच्यातून सगळं काढून टाकलं होतं. खाली गालिचा नाही, रबराची मॅट. पुढे दोन स्वतंत्र सीट नाहीत, एक सलग बाक. मात्र इंजिन ३८३ घन इंचांचं आणि गिअर चार. कार्टूनमधल्या त्या धावऱ्या पक्ष्याचं नाव वापरायला कंपनीनं पन्नास हजार डॉलर मोजले आणि हॉर्नही तसाच 'बीप-बीप' दिला. गालिच्याला पैसे नाहीत, हॉर्नला आहेत! आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत. कारखान्यात जाणारा विशीतला पोरगा हप्त्यावर ती घेऊ शकत होता. पहिल्याच वर्षी पंचेचाळीस हजारांच्या आसपास विकल्या. खरी मोहिनी ही. बापाच्या मर्सिडीजला सिग्नलवर मागे टाकणारी गाडी पोराच्या पगारात बसत होती.

आता मी ती चालवली तेव्हाचं सांगतो. आधी पेट्रोलचा वास. मग किल्ली फिरवल्यावर सीटखालून, अगदी माकडहाडापर्यंत येणारी ती थरथर. आयडलला इंजिन एकसुरी चालत नाही, लंगडी घातल्यासारखं चालतं, धबक-धबक. जुनी बुलेट ज्यांनी चालवलीय त्यांना कळेल. पिकअप घेतला की दुसरं कार्ब्युरेटर तोंड उघडतंय हे कानाला कळतं... चुकलो, दुसरं कार्ब्युरेटर नव्हे, त्याच कार्ब्युरेटरच्या मागच्या दोन नळ्या. मित्र माझ्या शेजारी बसलेला असताना ही चूक केली असती तर त्यानं मला उतरवलं असतं. मागची चाकं जागेवर फिरतात, रबर जळतं, आणि दीड टनाची गाडी शेपूट हलवत सुटते. क्षणभर मीही विशीतला झालो होतो, खोटं कशाला बोलू.

मग सिग्नल आला.

त्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पहिल्यांदा दाबले, लागले. दुसऱ्यांदा दाबले, जरा विचार करून लागले. बोरघाट उतरताना ट्रकवाले म्हणतात ना, 'ब्रेक तापले, लागत नाहीत', तेच. उष्णतेनं ड्रम फुगतो, लायनरपासून लांब जातो, तापलेल्या लायनरची पकडही कमी होते आणि पाय खोल जातो. मागे पाट्याचे स्प्रिंग आणि सलग एक्सल, त्यामुळे वळणावर एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही त्याची बातमी लागते. आठ सिलेंडरचं जड लोखंडी इंजिन, व्ही-८, पुढच्या चाकांवर बसलेलं, त्यामुळे स्टीअरिंग फिरवा, गाडी सरळच जायचा हट्ट धरते. सरळ जाण्यासाठीच ती जन्मली होती. पाव मैल, सरळ, एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री हेच चालायचं आणि कंपन्यांचे इंजिनियरही तिथं आपली गाडी घेऊन गुपचूप उभे राहायचे.

सुरक्षिततेबद्दल मी तासभर बोलू शकतो, पण आयोजक घड्याळ बघताहेत. एकच सांगतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनं १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू ताशी ४० मैलांच्या वेगानं समोरासमोर आदळवल्या. बेल एअर मसल कार नव्हे, जरा आधीची. पण 'जुन्या गाड्यांचा पत्रा काय जाड होता' असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं तो व्हिडिओ बघावा. बेल एअरची केबिन चुरगळली, स्टीअरिंग चालकाच्या अंगावर आलं. आतला पुतळा माणूस असता तर वाचला नसता. मालिबूतल्याच्या पायाला दुखापत झाली असती, बस्स. पत्रा जाड असून भागत नाही, तो कुठं मोडावा आणि कुठं मोडू नये हे ठरवावं लागतं. मित्राच्या रोडरनरमध्ये खांद्याचा पट्टा आहे, पण कमरेच्या पट्ट्यापासून वेगळा, वर छताला अडकवलेला. साठ वर्षांत तो कुणी सोडवला असेल असं वाटत नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत गाड्यांनी कापलेल्या दर दहा कोटी मैलांमागे साडेपाच माणसं मरत होती, आता हा आकडा सव्वाच्या आसपास आहे. मी आयुष्यभर ज्या खात्यात काम केलं त्याचा यात खारीचा वाटा आहे, म्हणून जरा मिरवतो.

आणि सायलेन्सरमधून नुसता आवाज बाहेर पडत नव्हता, शिसं पडत होतं. या इंजिनांत पेट्रोल-हवेचं मिश्रण खूप दाबलेलं असे, ते वेळेआधी पेटू नये, इंजिन ठोकू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत. आपल्याकडे ते २००० साली बंद झालं. तिकडे १९७० मध्ये हवेच्या शुद्धतेचा कायदा आला, पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सनं इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचं प्रमाण, उतरवलं. विमेवाल्यांनी आधीच पोरांच्या गाड्यांच्या विम्याचे हप्ते भरमसाट वाढवले होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. गॅलनला दहा मैल देणारी गाडी, म्हणजे आपल्या हिशोबानं लिटरला सव्वाचार किलोमीटर, कोण पोसणार? १९७४ मध्ये जीटीओ संपली, आणि फोर्डच्या त्या वर्षीच्या मस्टँगमध्ये व्ही-८ मिळतच नव्हतं. दहा वर्षांत खेळ आटोपला.

आता आजच्या गाड्या. २०२३ मध्ये डॉजनं चॅलेंजर डेमन १७० काढली, १,०२५ हॉर्सपॉवर, अर्थात इथेनॉलमिश्रित इंधनावर. त्याच डिसेंबरात ती गाडी कायमची बंद झाली. ती बनत होती कॅनडातल्या ब्रँप्टनला, हे अमेरिकन मर्दुमकीचे पोवाडे गाणाऱ्यांना फारसं आवडत नाही. नंतर आली विजेवरची चार्जर. तिच्या मागच्या भागात आवाज काढणारी यंत्रणा बसवलीय, व्ही-८ सारखी गुरगुर करणारी. तिला 'फ्रॅटझॉनिक' असं नावही आहे. मिरवणुकीत ढोल-ताशाचं पथक बोलवायचं सोडून स्पीकरवर ढोल वाजवावा, तसं मला ते वाटतं. अर्थात स्पीकरवाला ढोल कानाला कमी त्रास देतो, हेही आहेच.

गाडी म्हणून तुलना करायची तर तुलनाच नाही. थांबणं, वळणं, ॲव्हरेज, धूर, आतली माणसं जिवंत राहणं, नवी गाडी प्रत्येक बाबतीत पुढे. पळण्यातसुद्धा. नव्या गाडीवर माझा राग आहे तो दुसऱ्याच कारणानं. बोनेट उघडलं की आत काळ्या प्लॅस्टिकचं झाकण दिसतं, म्हणजे घरात शिरलो आणि समोर दुसरा बंद दरवाजा. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी चक्क मतदान करून कायदा मागितला की गाडीच्या बिघाडाची माहिती गल्लीतल्या गॅरेजवाल्यालाही मिळाली पाहिजे. एका जर्मन कंपनीनं तर काही देशांत, सीटमध्ये आधीच बसवलेल्या हीटरचे दरमहा पैसे मागून पाहिले. माझी स्वतःची गाडी एका सेन्सरपायी नऊ दिवस वर्कशॉपमध्ये पडून होती. नवव्या दिवशी कळलं की सेन्सर चांगला होता, वायर उंदरानं कुरतडली होती.

आणि जुनीचं तरी स्वस्तपण कुठं उरलंय? प्लिमथच्याच १९७१ च्या हेमी कूडा गाडीला तेव्हा हेमी इंजिनासाठी नऊशे डॉलरच्या आत जादा पडत. तशी एक उघड्या टपाची कूडा २०१४ मध्ये लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. ती आता वातानुकूलित हॉलमध्ये उभी असेल, टायरखाली गालिचा. पोराच्या पगारातली गाडी ज्यांनी घेतली त्यांना पगार ही गोष्टच माहीत नाही. २०१६ मध्ये फोर्डनं मस्टँग भारतात आणली तीही पासष्ट लाखांना.

शेवटी एक प्रसंग सांगतो. ऑगस्टमधला तिसरा शनिवार. वुडवर्डवर १९९५ पासून जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते. आम्ही रोडरनर घेऊन फर्नडेलहून पॉन्टियॅक गावाकडे निघालो होतो, आणि ऊन, गर्दी, गोगलगायीचा वेग यात ती बंद पडली. मित्र शांतपणे उतरला. बोनेट उघडलं, सिलेंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतले पॉइंट बघितले, काळे झाले होते. त्यानं खिशातून बायकोची नखं घासायची पट्टी काढली आणि घासायला बसला. मी जवळ असलेल्या काडेपेटीच्या पुठ्ठ्यानं फट मापली. येझदी मोटारसायकलवर शिकलेली विद्या, चाळीस वर्षांनी कामाला आली. शेजारच्या फुटपाथवरून बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा येऊन आत डोकावला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "यातून खालचा रस्ता दिसतो!" मित्रानं टोपी त्याच्या हातात दिली, कुठली वायर कुठल्या सिलेंडरला जाते ते दाखवलं, आणि परत बसवायला लावली. किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. मुलानं असा काही चेहरा केला की जणू ती त्यानंच बनवली होती.

वीस मिनिटांत निघालो. तिथून चार मैलांवर पेट्रोल भरायला थांबलो.