मटका गुन्हा, कॅसिनो धंदा: काळा बाजार उभा कोण करतं?

नमस्कार मंडळी! सिंधुदुर्गातला कुठलाही पेपर उघडा, आतल्या पानावर एक बातमी हमखास सापडते. ‘गोवा बनावटीच्या दारूसह अमुक लाखांचा मुद्देमाल जप्त.’ इन्सुलीचा चेकनाका, टेम्पो, वर भुशाची पोती, खाली छुपा कप्पा, कप्प्यात बाटल्यांचे बॉक्स. चालक ताब्यात. मालक कोण? शोध सुरू आहे. आणि तो सुरूच राहतो.

आता बघा, गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे हीच बाटली दुकानातल्या फळीवर उभी असते, रीतसर, बिलासकट. पलीकडे महाराष्ट्रात बांद्याला पोचली की ती पुरावा होते. दारू तीच, बूच तेच. मधल्या थोड्याशा अंतरात बदलतो तो कर. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपटीपर्यंत नेलं. तिजोरीत भर पडावी म्हणून. पण पात्रांव, दरातली तफावत वाढली की त्या टेम्पोची फेरी जास्त परवडते, एवढं गणित तर टेम्पोवाल्यालाही येतं. तस्कराचा पगार मंत्रालयात ठरतो, असं मी म्हणतो तेव्हा काही जणांना राग येतो. येऊ दे.

माझा विचार उदारमतवादी, बाजाराच्या बाजूचा. स्वतंत्र पक्षाच्या राजाजींनी ‘लायसन्स-परमिट राज’वर कोरडे ओढले, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकऱ्याला सांगितलं की सरकार हीच तुझी अडचण आहे, त्या पठडीतला. या विचाराचं म्हणणं असं: सरकारनं एखादा व्यवहार अडवला की बाजारात मूळ मालाच्या जोडीला आणखी एक माल येतो, परवानगी. ती ज्याच्या सहीनं मिळते तो तिचा दुकानदार. आणि जिथे परवानगी मिळणारच नाही, तिथे डोळेझाक विकली जाते. तिला आपण हप्ता म्हणतो.

सोन्याचं उदाहरण पटकन सांगतो. १९६१ पर्यंत पोर्तुगीज गोव्यात परदेशी माल उघड मिळायचा, भारतात सोन्याच्या आयातीवर निर्बंध. सोनं हद्द ओलांडणारच होतं. पुढे भारतानं १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा केला आणि मुंबईच्या किनाऱ्यावर हाजी मस्तानसारख्या तस्करांचं साम्राज्य उभं राहिलं. १९९० मध्ये कायदा गेला, १९९२ मध्ये अनिवासी भारतीयांना पाच किलोपर्यंत सोनं शुल्क भरून आणायची मुभा मिळाली, आणि सोन्याच्या तस्करीचा कणा मोडला. २०१३ मध्ये शुल्क १० टक्क्यांवर गेलं, दाबोळी विमानतळावर कस्टम्सवाले पुन्हा बॅगा उसवू लागले. तोवर ते १५ वर पोचलं होतं; जुलै २०२४ मध्ये सरकारनं ते ६ टक्क्यांवर आणलं, आणि त्यामागे तस्करीचं कारणही होतंच.

पण गोव्यात खरी मजा मटक्याची आहे.

बाजारात फिरताना तुम्ही पाहिलं असेल. पानाच्या गाड्याला लागून एक माणूस बसलेला, हातात चिटोऱ्यांचं पुडकं, बॉलपेन. आकडा सांगा, पैसे द्या, तो चिठ्ठी फाडून देतो. ओपन म्हणजे पहिला आकडा, क्लोज म्हणजे दुसरा, जोडी म्हणजे दोन्ही मिळून. एकट्या आकड्याला, म्हणजे सिंगलला, रुपयामागे नऊ, जोडीला नव्वद, हा जुना भाव. शून्य ते नऊ दहा आकडे, म्हणजे रुपयाला दहा पैसे धंद्यात राहतात. त्या दहा पैशांत चिठ्ठी लिहिणाऱ्याचं कमिशन, बुकीचा वाटा आणि वरचा हप्ता, सगळं बसतं. अख्खं गाव जाणतं कोण बसतो ते. अधूनमधून धाड पडते, चिठ्ठीवाल्याला पकडतात, थोडी रोकड दाखवतात, दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस त्याच जागी.

आता मांडवी नदीकडे बघा. पणजीत रात्री पाण्यावर लायटिंग करून उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी. तिथेही आकडेच लागतात. पण १९७६ च्या गोवा जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली, पंचतारांकित हॉटेलांत मशीनं आली. मग १९९६ ला बोटींनाही वाट मिळाली. बाकी सगळा जुगार होता तसा गुन्हाच राहिला. वीस रुपयांचा आकडा लावणारा, किनाऱ्यावर जाळं ओढणारा रापणकार गुन्हेगार, वीस हजारांचे चिप्स घेणारा पर्यटक पाहुणा. २०२० पासून तर कॅसिनोत जायला गोंयकारालाच बंदी. म्हणजे गोमंतकीयाला जुगार खेळायचा तर त्यानं बेकायदेशीरच खेळावा, अशी सोय! मटका कायदेशीर करा ही मागणी आमदारांनीही केली आहे, तेव्हा हे काही माझंच खूळ नव्हे.

गुंडगिरी यात येते कुठून? करार कायद्याचं कलम ३० वाचा. पैजेचा करार रद्दबातल, जिंकलेल्या पैशांसाठी कोर्टात दावा लावता येत नाही. मग थकलेली रक्कम वसूल कोण करणार? ज्याच्याकडे माणसं आहेत तो. त्या धंद्यात इमानाला फार किंमत असते, आणि त्या इमानामागे दंडुका उभा असतो. तुम्ही कोर्टाचं दार बंद केलंत, त्यानं स्वतःचं कोर्ट काढलं.

हा झाला छोटा हप्ता. मोठा व्यवहार जमिनीत आहे. ऑर्चर्ड झोनमधली, म्हणजे बागायतीसाठी राखलेली काजूची बाग, सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरं बांधता येतील अशा झोनमध्ये गेली की भाव कुठल्या कुठे जातो, ते मालकाला, दलालाला आणि फाईल हलवणाऱ्याला आधीपासून माहीत असतं. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. प्रादेशिक आराखड्यात ‘अनवधानानं झालेल्या चुका’ एकेका अर्जावर दुरुस्त करायची सोय. चुका इतक्या निघाल्या की आराखडा करणाऱ्यांची कीव यावी! मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याखालचे नियम रद्द केले. पर्यावरणवाले म्हणतात कायदा कडक करा. मी म्हणतो, एका सहीनं सर्वे नंबरची किंमत बदलते तोवर ती सही विकत घेणारा भेटणारच. झोन कोणताही ठेवा, पण तो सगळ्या गावाला एकच ठेवा आणि बदलायचा तर ग्रामसभेत उघड बदला. एकेका अर्जावर नको.

“मग काय, सगळे नियम काढून टाकायचे? हडफडेचा नाईट क्लब विसरलास?” नाही विसरलो. डिसेंबर २०२५, आग, २५ माणसं गेली. इथे माझ्या विचाराच्या लोकांची पंचाईत होते आणि ती मान्य केली पाहिजे. आगीचा जिना, बाहेर पडायचा दरवाजा, हे बाजारावर सोडून चालत नाही. नाचायला आलेला माणूस छप्पर तपासून आत जात नाही. पण तिथे नियम नव्हते का? होते. पंचायतीनं बांधकाम पाडायची नोटीसही दिली होती, तिला वरून स्थगिती मिळाली. दारूचा, आवाजाचा, बांधकामाचा, खाद्यपदार्थांचा, प्रत्येक परवान्यासाठी वेगळी खिडकी असते तेव्हा खरा जीव वाचवणारा दाखला त्याच ढिगात एक कागद होऊन बसतो, आणि त्याचाही दर ठरतो. मला अग्निशमन दलाचा एकच दाखला कडक हवा, बाकीच्यांतले निम्मे मोडीत काढले तरी चालतील. आणि दाखला देणाऱ्याचं नाव क्लबच्या दारावर लावा, रंगीत अक्षरांत.

अमली पदार्थांचं काय, हे कमेंटमध्ये येणारच. ते एवढं सरळ नाही. व्यसनी माणूस करार करत नसतो, आणि मटक्याचं गणित मी तिथे तसंच्या तसं लावणार नाही. त्यावर वेगळा व्हिडिओ करू. पण मटक्याला परवाना द्यायचा झाला तर तो लिलावानं द्यावा की फी भरेल त्या प्रत्येकाला, यावर माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे: लिलाव नको, मोजके परवाने नकोतच. मोजके ठेवलेत की मांडवीतल्या बोटींसारखी पुन्हा मुदतवाढीची रांग मंत्र्याच्या दारात लागते.