झील धरणारा माणूस

(गणेशोत्सव मेळाव्यात नागपूरकडच्या एका शाहिरानं केलेलं हे भाषण मंडळाच्या संकेतस्थळासाठी थोडं संपादित केलं आहे.)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि समोर बसलेल्या माझ्या सगळ्या भावाबहिणींनो, रामराम आणि जय भीम.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक पाहिली आणि त्याच आठवड्यात विमानात बसलो. इतवारीतला आवाज कानात अजून ताजा आहे. तुमच्यापैकी नागपूरची जी मंडळी आहेत, त्यांना कोणता आवाज ते सांगायला नको. काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर आल्या की जी आरोळी उठते, ती इथं हॉलमध्ये मी देणार नाही, छप्पर दुसऱ्याचं आहे.

मला विषय दिला होता 'लोककला आणि आपले सण'. तयारीही केली होती. पण ज्यांच्या घरी उतरलो आहे, त्यांच्या मुलीनं परवा एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून माझं डोकं तिथंच अडकून आहे. म्हणून आज त्याबद्दलच बोलतो.

झालं असं, की तिच्या वडिलांनी आमच्या खडी गमतीचं एक चित्रण टीव्हीवर लावलं. कुही तालुक्यातली मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, रात्रीची वेळ. मी पुढं डफ घेऊन, मागं तुणतुणं, झांज, ढोलकी. पोरीनं मन लावून पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, ते मागचे काका नुसते जी जी जी म्हणतात. त्यांना बोअर होत नाही?" आई ओरडली, असं विचारू नये म्हणून. मी म्हटलं, विचारू द्या. पण उत्तर मला त्या वेळी देता आलं नाही.

पुण्या-मुंबईकडच्या मंडळींसाठी दोन शब्द सांगतो. खडी गंमत ही नागपूर, भंडारा, गोंदियाकडची. शाहीर आणि साथीदार उभ्यानं गातात, रात्रभर. दुय्यम असली की दोन पार्ट्या समोरासमोर, एक कलगीची, एक तुऱ्याची. कलगीवाले शक्तीला मोठं मानणार, तुरेवाले शिवाला. एकानं पुराणातला सवाल घालायचा, दुसऱ्यानं गाण्यातच त्याचा जवाब द्यायचा. मध्ये नाच्या, मध्ये गमत्या, मध्ये गावच्या सरपंचाची फिरकी. दिवाळीनंतर मंडया सुरू होतात आणि आमचा हंगाम लागतो. एका गावची मंडई आज, शेजारच्या गावची उद्या, तिसऱ्याची परवा. तारखा अशा वेगवेगळ्या असतात म्हणून तर सगळ्यांना एकमेकांकडं जाता येतं. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. तेव्हा तुम्ही गणपती शनिवारी केला, दिवाळी पुढच्या रविवारी केली, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. माणसं जमावीत म्हणून दिवस हलवायची रीत आमच्याकडंही आहे.

आता तो मागचा माणूस. तो मौद्याकडचा. तुणतुणं वाजवतो. तुणतुणं म्हणजे एक लाकडी नळकांडं, खालून चामड्यानं मढवलेलं, बाजूला एक दांडी आणि एकच तार. एका सुराच्या पलीकडं त्याला काही म्हणता येत नाही. माझा माणूस कार्यक्रमाआधी ते कानाला लावतो, खुंटी पिळतो, पुन्हा कानाला लावतो. कार्तिकातल्या थंडीत चामडं सैल पडतं. मग शेकोटीजवळ उकिडवा बसून तो आधी माझा डफ शेकतो. तळहात चामड्यावरून गोल फिरवत राहतो, कुठं ओल राहिली ते बोटांना कळतं त्याच्या. जास्त तापलं तर कातडं फाटणार, कमी तापलं तर आवाज बसका निघणार. थाप मारून पाहतो, मान हलवतो, परत विस्तवाकडं धरतो. माझा डफ झाल्यावर मग त्याचं तुणतुणं. हा क्रम त्यानं कधी बदलला नाही.

आणि झील. लोकांना वाटतं शाहिरानं ओळ म्हटली की मागच्यांनी शेवट उचलायचा, एवढंच काम. दुय्यमीत रात्री दोनच्या सुमाराला समोरचा शाहीर असा सवाल टाकतो की जवाब ओठावर येत नाही. पुढं पाच-सहाशे माणसं. अशा वेळी माझा हा माणूस झील लांबवतो. आणखी एक फेरा घेतो, सूर चढवतो, ढोलकीवाल्याला डोळ्यानं खुणावतो. लोकांना वाटतं रंग भरून राहिला. तो मला श्वास मिळवून देत असतो. मी त्याच्याकडं वळून पाहत नाही, त्याला माझी पाठ दिसते आणि पाठीवरूनच त्याला कळतं. जवाब सापडला हेही त्याला पाठीवरूनच कळतं, त्याच क्षणी तो थांबतो. अशा किती रात्री त्यानं मला तारलं, ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे. पत्रिकेवर नाव माझं असतं, खाली लिहितात 'आणि संच'.

पोरीचा प्रश्न मी त्यालाच फोनवर विचारला. त्याची सकाळ होती, म्हशीचं दूध काढून नुकताच बसला होता. म्हणाला, "तुमी कुठी अडकता, यावर ध्यान ठेवा लागते जी. कंटाळा याले टाइम कुठी भेटते?"

हे ऐकल्यापासून मला तुम्ही सगळे आठवून राहिले. नीट सांगतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आईबाबा अजून तिकडंच आहेत. प्रतापनगर, मनीषनगर, धंतोली, महाल. मी कार्यक्रमांच्या निमित्तानं अशा घरांत जातो. दोन माणसं, वर-खाली सहा खोल्या, अंगणात पारिजात, दाराला तीन कड्या. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात कोण गेलं? नळाला पाणी येईना तेव्हा कोणाला फोन झाला? मे महिन्यात सेहेचाळीस डिग्रीत कूलरची मोटर जळाली, दुसरी कोणी आणून बसवली? तुमच्या शाळेतला तो मित्र, जो गेला नाही कुठं. एखादा बुटीबोरीला नोकरीवर, एखाद्याचं सक्करदऱ्यात दुकान. तुमच्या आईला तो काकू म्हणतो, आणि "काही लागलं तर सांगा जी काकू" असं म्हणून जाताना पायरीवरची चप्पल सरळ करून ठेवतो. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला तो फोनवर सांगतो, ते सांगताना आवाज बेताचा ठेवतो, तुम्ही घाबरू नये म्हणून. तुमची ओळ तुम्ही इथं म्हणून राहिले, झील तो तिथं धरून आहे.

आणि मग तुम्ही डिसेंबरात सुट्टीवर येता. मी रागावून नाही बोलत, पण बोलतो. सुट्ट्या थोड्या, हे मला कळतं. एक लग्न अमरावतीला, एक वर्ध्याला. पोरांना वाघ दाखवायला पेंच. बर्डीवरची खरेदी. बँकेची कामं, आधारचं काम. संत्रा बर्फीचे डबे बांधून घ्यायचे. सगळ्यांना वेळ मिळतो आणि त्या मित्राला मिळते शेवटची संध्याकाळ, तीही बॅगा भरता भरता. तो म्हणतो, चल, तर्री पोहे खाऊन येऊ, पहिल्यासारखे. तुम्ही म्हणता, पोट बिघडेल, उद्या विमान आहे. तो म्हणतो, बरं, पुढच्या वर्षी. तो खरंच काही मनात धरत नाही. म्हणूनच मला सांगावंसं वाटतं, की पुढच्या खेपेला पहिला दिवस त्याला द्या. त्याच्या घरी जा. त्याच्या आईच्या पाया पडा, त्याच्या पोरांची नावं विचारा. तुमच्यापैकी कितीकांना ती ठाऊक आहेत?

काल दुपारी मी इथं तालीम पाहिली. पोरं गुणी आहेत, उच्चार चांगले बसवलेत, शिकवणाऱ्या ताईंची मेहनत दिसते. पण प्रत्येक पोर एकटं येतं, ट्रॅक लागतो, गातं, जातं. एका मुलाला दुसरं कडवं आठवेना. ट्रॅक पुढं निघून गेला. तो मुलगा तसाच माईक धरून उभा, कान लाल झाले त्याचे. ट्रॅकला थांबता येत नाही. मागं तीन पोरं जरी उभी असती, त्यांनी धृपद दोनदा घोळवलं असतं आणि त्याला ओळ सापडली असती. मला फार वाईट वाटलं त्या लेकराचं.

आपलं गाणं कधी एकट्याचं नव्हतंच. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणत घरोघरी जायच्या, पहिलीला शब्द आठवला नाही तर चौथी उचलायची, आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून, वास घेऊन, सगळ्यांनी मिळून. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेतली आणि गावच्या गाव मागं म्हणायला लावलं. 1968 साली महाराज गेले, पण आजही कितीतरी गावांत संध्याकाळी माणसं ओळीनं बसून सामुदायिक प्रार्थना म्हणतात. विजयादशमीला दीक्षाभूमीकडं जाणाऱ्या रस्त्यावर रात्रभर भीमगीतं चालतात. गाणाऱ्याच्या भोवती उभा असलेला प्रत्येक जण धृपद उचलतो, त्याला कोणी सांगावं लागत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला आजा आला होता, आता नातू येतो, आणि नातवालाही धृपद पाठ असतं. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. एवढी वर्षं ती चालली कारण तिथं पाहुणे कमी आणि खांदा देणारे जास्त.

आमच्या गायकांमध्येही हे कमी होऊन राहिलं, तुम्हा एकट्यांना दोष नाही. पण इथं तुम्हाला जास्त गरज आहे. मला एका ताईंनी काल सांगितलं, वडील गेल्याचा फोन रात्री आला, पहिलं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं, आणि ती रात्र त्यांनी एकटीनं काढली. मंडळाच्या यादीत अडीचशे कुटुंबं आहेत म्हणे. फोन कोणाला करावा हे त्यांना सुचलं नाही. यावर कार्यकारिणीनं ठराव करून काही होणार नाही. आपल्या रांगेत कोण बसलंय, त्याच्या घरी काय चाललंय, हे ठाऊक असलं पाहिजे. खुर्च्या लावायला दर वर्षी तीच चार माणसं येतात असं मला समजलं. त्या चौघांना मी सकाळी भेटलो, त्यांच्याबरोबर चहा घेतला. तुम्हीही घ्या.

माझ्या मित्राचं उत्तर मी त्या पोरीला सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ते अडकले तर त्यांच्यासाठी कोण म्हणतं?"

हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड निघाला. कारण तो अडकला आहे. होळीनंतर त्याला दम लागायला लागला. छातीचा फोटो काढला, गोळ्या चालू आहेत, पंप घेतो. धुरात बसू नको म्हणाले, म्हणजे शेकोटी गेली. रात्रभर उभं राहू नको म्हणाले, म्हणजे गंमत गेली. त्याच्या पोराला सूर आहे, बापाकडून आलेला. पण तो कंपनीत पाळीवर जातो, दिवाळीनंतर महिनाभर रोज रात्री त्याला कोण सोडणार? दम लागला त्या दिवसापासून त्याचं शेत नांगरायला, दवाखान्यात न्यायला ढोलकीवाला आणि झांजवाला जातात. मी जातो. ते होऊन जाईल. पण मागं उभं राहून सूर धरायचा, तो कोण धरणार?

कलावंतांचं मानधन थोडं, एक रात्र गाऊन मिळतं ते आठ जणांत वाटायचं, त्यात प्रवास. हे सगळं खरं आहे आणि त्यावर बोलण्यासारखं खूप आहे. पण पैसा वाढला तरी हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. कारण मी दोन पोट्ट्यांना विचारून आलो आहे. दोघंही चांगले गातात. एक म्हणाला, येतो, पण पुढं उभा राहीन, मागं नाही. मी त्याला म्हटलं, माझी काही हरकत नाही, तू पुढं ये, मी मागं राहतो. तेव्हा म्हणाला, तसं नाही शाहीर, तुम्ही मागं असले तर लोक मला काय म्हणतील. दुसऱ्यानं घरी विचारून सांगतो म्हटलं. इकडं यायच्या आदल्या दिवसापर्यंत त्याचा फोन आला नव्हता, इथं आल्यावर मी दोनदा लावला, उचलला नाही.

पहिली मंडई भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आहे. सुपारी घेतली आहे, गावानं मांडवाचं ठरवलं आहे, समोरची पार्टी तुऱ्याची आणि तयारीची आहे. मागं कोण असेल ते मला अजून ठाऊक नाही.